व्यसनी माणसाला विचारतो कोण?

(द्वितीय वर्ष कला)

व्यसन वाईट आहे, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची आवश्यकता नाही. प्राथमिक शाळेपासून आपण ते ऐकत आलो आहोत. निबंधाचा तो आवडता विषय, आणि वक्तृत्व स्पर्धेचा तर हमखास विषय. दरवर्षी २६ जून रोजी, अमली पदार्थविरोधी दिनाच्या निमित्ताने, आपण रांगेत उभे राहून हात पुढे करतो व शपथ घेतो. शपथ चांगलीच आहे. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप करायचा, तो माणूस त्या रांगेत नसतो. तो कोठेतरी नाक्यावर, खाडीच्या बांधावर, नाहीतर स्वतःच्याच घराच्या पडवीत पडलेला असतो. त्याने यातून बाहेर कसे यावे, आणि त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी शपथेत एक शब्दही नसतो.

या लेखात मला त्या माणसाविषयी लिहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, व्यसनी माणसावर उपचार व्हायचे असतील तर ते त्याच्या संमतीने व्हावेत, त्याच्या गावाजवळ व्हावेत, आणि त्या कामात गावाचा हात असावा. हे म्हणणे पुष्कळांना भाबडे वाटेल, याची मला कल्पना आहे. म्हणून त्यावरील आक्षेपांनाही मी पुढे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशव्यापी पाहणी करून घेतली व तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना त्या पिण्याचा असा त्रास आहे की त्यांना मदतीची गरज आहे. अफूपासून बनणाऱ्या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ६० लाख आहेत. हे आकडे मोठे आहेतच. पण त्याच अहवालातील एक लहान आकडा मला अधिक बोलका वाटला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांचे काय होते, हे आपण आपल्याच गावात पाहू शकतो.

आपला रायगड जिल्हा तर या बाबतीत चोहोबाजूंनी वेढलेला आहे. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधोमध रासायनिक कारखाने. ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली आणि पोलिसांना किनाराभर शोध घ्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात खोपोलीजवळच्या ढेकू येथे मेफेड्रोन, म्हणजे ज्याला मुले ‘एमडी’ म्हणतात, तयार करणारा कारखाना सापडला आणि शंभर कोटींहून अधिक किमतीचा माल जप्त झाला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. परंतु पेण व रोहे तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर घर उद्ध्वस्त करणारी वस्तू अजूनही प्रामुख्याने दारूच आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या उचलीतून ती वजा होते, धाटावच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणाऱ्याच्या खिशातून ती वजा होते. गणपतीच्या हंगामात रात्र रात्र जागून मूर्ती रंगवणारा कारागीर जाग यावी म्हणून तंबाखू मळतो आणि झोप यावी म्हणून पेला उचलतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे कोणत्याही एस.टी. स्थानकाच्या भिंतीचा कोपरा सांगेल.

अशा माणसाच्या घरच्यांपुढे आज कोणते मार्ग आहेत? माझ्या पाहण्यात तीन आले.

पहिला मार्ग भिंतीवर चिकटवलेला असतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात रेल्वेच्या डब्यात, मुतारीच्या दाराशी, विजेच्या खांबावर आपण सर्वांनी वाचली आहे. पुडी आणावी, चहात नाहीतर डाळीत मिसळावी, आणि नवऱ्याला कळू देऊ नये. या पुडीत काय असते हे घेणारीला ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे औषध दारू सोडण्यासाठी डॉक्टर देतात, हे खरे. पण ते घेऊन वर दारू प्यायली की तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, आणि कमजोर हृदयाच्या माणसाच्या जिवावरही बेतू शकते. म्हणूनच ते रुग्णाला सर्व समजावून व त्याच्या संमतीने द्यायचे, असा वैद्यकाचा नियम आहे. तेच औषध नकळत देणे म्हणजे ज्याला वाचवायचे त्याच्याच ताटात विष कालवण्यासारखे आहे. शिवाय कधीतरी त्याला कळतेच. मग तो बायकोच्या हातचे जेवीनासा होतो. घरातील उरलासुरला विश्वासही त्या पुडीबरोबर जातो.

दुसरा मार्ग अंगारे-धुपारे व शपथा यांचा. देवापुढे नारळ ठेवायचा, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘आता पिणार नाही’ म्हणायचे. चार दिवसांनी हात थरथरू लागतात, आणि त्या मुलाच्या मनात आयुष्यभराचा प्रश्न राहतो, की बाबांना माझ्यापेक्षा बाटली प्यारी होती काय?

तिसरा मार्ग उचलून नेण्याचा. यासंबंधी मी ऐकीव लिहीत नाही. माझा मामा रोहे तालुक्यातला. धाटावला कंत्राटी कामगार. त्याच्या पिण्याला कंटाळून घरच्यांनी एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. केंद्राचे नाव व गाव मी देत नाही, कारण माझा रोख एका केंद्रावर नाही. रात्री अकराच्या सुमारास एक गाडी आली. चार जण उतरले. मामा जेवत होता. त्याला ताटावरून उठवून, हात धरून गाडीत घातले. मुले ओरडत होती, आळीतले लोक दाराआडून पाहत होते. पुढे तीन महिने त्याची भेट नाही. फी भरण्यासाठी मामीने गळ्यातले गहाण टाकले. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्याचे केस काढलेले होते आणि तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. पाचव्या दिवशी तो पुन्हा प्यायला.

घरच्यांनी वाईट हेतूने काही केले नव्हते. त्यांना दुसरे काही माहीत नव्हते. परंतु त्या रात्रीचा जो परिणाम झाला तो दारूहूनही अवघड आहे. आता मामा खोकला झाला तरी सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. पांढऱ्या रंगाची मोठी गाडी आळीत शिरली की तो मागच्या दाराने निघून जातो. मी एकदा त्याला विचारले, की तेव्हा तू आपण होऊन गेला असतास का? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बैल बाजारात नेताना त्यालाबी चुचकारून नेतात. मना कोनी इचारलाच नाय.”

‘मना कोनी इचारलाच नाय’ ही केवळ एका माणसाची तक्रार मला वाटत नाही. साऱ्या उपचारपद्धतीचा दोष तिच्यात आला आहे.

व्यसन हा दुर्गुण आहे की आजार, हा वाद जुना आहे. वैद्यकशास्त्राने तो बराच पूर्वी निकालात काढला. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या मेंदूला व शरीराला तिची सवय होते. ती एकाएकी बंद केली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काहींना दोन-चार दिवसांत भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसू लागतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. तिच्यावर औषधे आहेत, ‘ब’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आहेत, आणि डॉक्टर जवळ असेल तर बहुतेकांचे हे दिवस सुखरूप पार पडतात. म्हणजे डॉक्टरावाचून नुसते कोंडून ठेवणे हा उपचार नाहीच. तो जुगार आहे. गर्द ओढणाऱ्याच्या बाबतीत धोका निराळा असतो. काही महिने कोंडल्यावर त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर तो जुन्याच प्रमाणात गर्द घेतो आणि त्या एका मात्रेने श्वास बंद पडून दगावतो. मन तयार न करता केवळ शरीर रिकामे करून पाठवण्याचा हा असा परिणाम.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. आशियातील अनेक देशांत व्यसनी लोकांना सक्तीने डांबण्याची केंद्रे चालत असत व काही ठिकाणी अजूनही चालतात. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी एकत्र निवेदन काढून अशी केंद्रे बंद करावीत व त्यांच्या जागी स्वेच्छेचे, वस्तीतले उपचार आणावेत, असे आवाहन केले. मलेशियाने २०१० पासून आपली काही सक्तीची केंद्रे स्वेच्छेच्या दवाखान्यांत बदलली. तेथील दोन्ही प्रकारच्या केंद्रांतून बाहेर पडलेल्या माणसांचा माग काढून केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सक्तीच्या केंद्रातून सुटलेली माणसे साधारणपणे ३१ दिवसांत पुन्हा व्यसनाकडे वळली. स्वेच्छेने उपचार घेतलेल्यांच्या बाबतीत हाच काळ ३५२ दिवसांचा होता. स्वेच्छेच्या केंद्रात मेथाडोन हे औषधही मिळत होते, तेव्हा सारे श्रेय केवळ स्वेच्छेला देता येणार नाही. पण औषध रोज घ्यायला यायचे तर माणूस आपल्या पायांनी आला पाहिजे, हेही तितकेच खरे.

आपला कायदादेखील, आश्चर्य वाटेल, पण सक्तीच्या बाजूचा नाही. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा १९८५ चा कायदा कडक म्हणून ओळखला जातो. त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतः होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवला जाणार नाही. मात्र उपचार पुरा केला पाहिजे. किती जणांना हे ठाऊक आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणजे त्या कायद्याचे हक्क व्यसनी रुग्णालाही आहेत. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. त्याचे डोके सक्तीने भादरता येत नाही. हे वाचताना माझ्यापुढे मामाचे बोडके डोके उभे राहिले.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप असा, की व्यसनी माणसाला स्वतःचे हित कळत असते तर तो व्यसनी झालाच नसता. त्याच्या संमतीची वाट पाहणे म्हणजे बुडणाऱ्याला ‘हात देऊ का’ असे विचारत बसणे. यात तथ्य आहे. भ्रमात गेलेल्या, फिट आलेल्या, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवावर उठलेल्या माणसाला विचारत बसता येत नाही. परंतु कायद्याने त्याची सोय केली आहे. दोन तज्ज्ञांनी तपासून गरज सांगितली व रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज केला, तर त्याला ठरावीक मुदतीपुरते, प्रथम जास्तीत जास्त ३० दिवस, दाखल करून घेता येते. तेही नोंद झालेल्या संस्थेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली. रात्री अकरा वाजता ताटावरून उचलणे त्यात बसत नाही. आणि बुडणारा माणूस सतत बुडत नसतो. दारू पिणाऱ्याचीही एक सकाळ असते, जेव्हा तो शुद्धीवर असतो, शरमेने मान खाली घालून बसलेला असतो. त्या सकाळी त्याला कोणी विचारले पाहिजे. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच दिवशी नेण्यासारखी जागा जवळ असली पाहिजे. आज ती नसते, म्हणून ती सकाळ वाया जाते.

दुसरा आक्षेप मामीचा आहे आणि तो मला अधिक जड वाटतो. मी हे सारे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “त्यांच्या मर्जीची वाट बघत मी किती वरसा मार खायचा?” या प्रश्नाला पुस्तकात उत्तर सापडत नाही. मला इतकेच म्हणता येते, की उपचार स्वेच्छेचा असावा, याचा अर्थ मारहाण सहन करावी असा होत नाही. त्या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या पाहिजेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा तिच्यासाठी आहे आणि तो वापरायला नवऱ्याच्या आजाराची आडकाठी नाही. आणि नवरा उपचाराला तयार नसला तरी बायकोला व मुलांना मदत त्या दिवसापासून मिळाली पाहिजे. मामीला आजवर कोणी बसवून घेऊन ‘तुझे काय?’ असे विचारलेले नाही. व्यसनमुक्तीच्या योजनेत तिचे नाव पहिल्या पानावर हवे.

तिसरा आक्षेप खर्चाचा व माणसांचा: ‘इतके डॉक्टर आणणार कोठून?’ याला उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांशी बोलण्यासाठी डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे नेमली होती. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा अशी मदत मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक घातक पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारवाल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. आदल्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के व दुसऱ्या गटात १८ टक्के होते. हा चमत्कार नव्हे. निम्म्याहून अधिक लोक पीतच राहिले, हेही त्या आकड्यांत दिसते. पण चार बैठकांच्या खर्चात इतके साधत असेल, तर ‘माणसे नाहीत’ ही सबब टिकत नाही. बी.ए. होऊन घरी बसलेली माणसे आपल्या तालुक्यांत काही कमी नाहीत.

महाराष्ट्राबाबत बोलायचे तर ‘मुक्तांगण’चे नाव प्रथम घेतले पाहिजे. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेखन केले, ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू केले. तेथील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जे पूर्वी स्वतः व्यसनी होते तेच बरे होऊन तेथे कार्यकर्ते झाले. ‘मीही यातून गेलो आहे’ असे म्हणणारा माणूस समोर बसला की ऐकणाऱ्याची मान वर होते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चेही मर्म हेच. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम शासनाच्या सहकार्याने चालू झाला, त्यात व्यसन उपचाराचे शिबिर थेट गावात भरते. तामिळनाडूत मंजक्कुडी या खेड्यात चेन्नईच्या टी.टी.के. रुग्णालयाने १९८९ पासून पंधरा दिवसांची निवासी शिबिरे घेतली. गाव जागा देते, जेवण देते, आणि बरा होऊन आलेल्याकडे गावच लक्ष ठेवते.

पण मला विचाराल तर यातले फारसे काही आपल्या मातीला नवीन नाही. आपल्याकडे माळ घालण्याची पद्धत आहे. पंढरीची माळ गळ्यात पडली की माणूस दारू-मांस सोडतो, आणि त्याला सोडायला कोणी लावत नाही. माळ घालणारा आपण होऊन पुढे येतो, ती चारचौघांसमक्ष घातली जाते, आणि पुढे भजनाला, एकादशीला, वारीला तीच माणसे त्याला पुन्हा पुन्हा भेटतात. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० चा, रोह्याचा. त्यांच्या स्वाध्याय परिवाराची माणसे पदरचे पैसे खर्चून किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत पुन्हा पुन्हा जात राहिली, आणि तेथे पुष्कळांची दारू सुटली. आपल्याच जिल्ह्यातील रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी सुरू केलेल्या बैठकी गावोगाव भरतात. ‘तो आता बैठकीला जातो’ एवढे म्हटले की ऐकणारा समजतो, की त्याने सोडली.

या मार्गांना मर्यादा नाहीत असे मी म्हणत नाही. माळ घातलेला माणूस घसरला की लाजेने तो माळही काढतो आणि माणसांनाही टाळतो. त्याला परत येण्याची वाट राहत नाही. घसरणे हा या आजाराचाच भाग आहे, मधुमेह्याची साखर वाढावी तसा, हे तेथे कोणी त्याला सांगत नाही. ज्याचा त्या श्रद्धेवर विश्वास नाही, किंवा ज्याचा धर्म निराळा आहे, त्याने कोठे जावे? आणि भजनाने फिट थांबत नाही. म्हणून मला वाटते, बैठकीजवळ जे आहे ते दवाखान्याजवळ नाही, आणि दवाखान्याजवळ जे आहे ते बैठकीजवळ नाही. दोघांची गाठ घालून देणे हेच आपले काम आहे.

येथे पेणकरांना विनोबांची आठवण करून द्यावीशी वाटते. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून त्यांनी जमीन मागितली ती मागूनच, हिसकावून नव्हे. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात त्यांच्यापुढे दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली. ते दरोडेखोर त्यानंतर कायद्यापुढे उभे राहिले, तुरुंगात गेले. म्हणजे मन वळवणे आणि जबाबदारी माफ करणे या दोन गोष्टी विनोबांनी एक केल्या नाहीत. बंदूक धरलेल्या माणसाला जर कोणी विचारू शकतो, तर पेला धरलेल्या माणसाला विचारायला आपण का कचरावे?

मग पेण व रोहे येथे नेमके काय व्हावे? मागण्या मोठ्या नाहीत. दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथे आठवड्यातून एक ठरलेला दिवस, शक्यतो आठवडा बाजाराचा, व्यसन उपचारासाठी असावा, म्हणजे बाजारहाटाच्या निमित्ताने माणूस येऊ शकेल आणि त्याच्या येण्याचा बोभाटा होणार नाही. दारू सोडताना लागणारी औषधे तेथे मिळावीत व दोन-चार खाटा त्यासाठी असाव्यात. आज चांगल्या उपचारासाठी घाट चढून पुणे गाठावे लागते. हातावर पोट असलेल्या माणसाला एक दिवसाचा रोज बुडवणे अवघड. तेथे पाच आठवडे कसे जमणार? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गोव्याप्रमाणे शिकवून तयार केलेला एक बोलणारा माणूस असावा. बरे झालेल्यांची व त्यांच्या बायकांची वेगवेगळी साप्ताहिक सभा असावी. आणि जिल्ह्यातील प्रत्येक खासगी केंद्राची नोंद, तेथील डॉक्टर, दर व रुग्णांचे हक्क यांची पाटी दारावर मराठीत असावी.

पैसा कोठून आणायचा, असे कोणी विचारील. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करांत वाढ केली आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये अधिक मिळतील असे जाहीर केले. तो पैसा माझ्या मामासारख्यांच्याच खिशातून जातो. त्यातील शंभर रुपयांमागे एक रुपया त्याच्या उपचारासाठी मागणे, हे भीक मागणे होत नाही.

शासन करील तेव्हा करील. आपल्या महाविद्यालयाला मात्र काही गोष्टी उद्यापासून करता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी होते. त्यात रस्ता झाडण्याबरोबर दोन दिवस घरोघर जाऊन ६४-अ कलम काय आहे, रुग्णाचे हक्क काय आहेत, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, एवढे सांगता येईल. ‘नकळत दारू सोडवा’च्या जाहिराती फाडून तेथे हा क्रमांक लावता येईल. रविवारी आपले वर्ग रिकामे असतात. प्राचार्यांनी परवानगी दिली तर त्यातील एक खोली बरे होऊ पाहणाऱ्यांच्या सभेसाठी देता येईल. मानसशास्त्र व समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, की त्यांनी या कामासाठी आम्हां विद्यार्थ्यांना शिकवावे. आम्ही परीक्षेसाठी ‘समुपदेशनाची तत्त्वे’ पाठ करतो. ती कोणासमोर तरी बसून वापरण्याची संधी मिळावी.

एक सूचना मात्र त्यात असावी. त्या खोलीच्या दाराशी ‘व्यसनी लोकांसाठी’ अशी पाटी लावू नये. नुसते ‘रविवारची सभा’ लिहावे. येणारा आपल्या पायांनी आला आहे; त्याला आत कसे घ्यायचे, ते आपल्या हातात आहे.